सेलमच्या धक्क्यावरून मुंबईकडे : अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या तुकडीची तयारी

१/
अमेरिकन मराठी मिशन म्हटले की 'ज्ञानोदय' आठवतो, अहमदनगरच्या शाळा आठवतात, रेव्हरंड ना. वा. टिळक आठवतात. ही माणसे मुंबईस उतरली तिथपासूनची हकीकत पुष्कळांनी लिहिली आहे. परंतु निघण्यापूर्वी ती कशी जगत होती, काय वाचत होती, कशाला भीत होती, हे फारसे कोणी विचारत नाही. आजचा धागा त्या तयारीविषयी.

२/
स्थळ : अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स राज्य. मेरिमॅक नदीच्या एका काठावर हेव्हरिल गाव, समोरच्या काठावर ब्रॅडफर्ड. हेव्हरिलमधील एका व्यापाऱ्याच्या घरी १० ऑक्टोबर १७९३ रोजी हॅरिएट ॲटवूडचा जन्म झाला. तेराव्या वर्षाच्या सुमारास, १८०६ साली, ती ब्रॅडफर्डच्या अकादमीत शिकू लागली. तिच्याहून काही वर्षांनी मोठी असलेली ॲन हॅसेल्टाइन त्याच शाळेची विद्यार्थिनी. या दोघींची नावे पुढे जोडीनेच घेतली जाणार होती.

३/
या समाजाचा पंथ काँग्रिगेशनल, म्हणजे प्युरिटन परंपरेतला. घरोघरी सकाळ-संध्याकाळ बायबलचे वाचन व प्रार्थना. शब्बाथाचा आरंभ शनिवारच्या सूर्यास्तापासून. ख्रिस्ती घरात जन्म झाला एवढ्याने कोणी ख्रिस्ती ठरत नसे. स्वतःच्या पापाची जाणीव, तिची यातना आणि मग कृपेचा अनुभव, हा सारा प्रवास ज्याचा त्याने करावयाचा आणि त्याची साक्ष मंडळीपुढे द्यावयाची, तेव्हा कुठे सभासदत्व मिळे.

४/
१८०६ साली अकादमीत धर्मजागृतीची लाट आली. नाचगाण्यांत आणि बैठकींत रमणाऱ्या मुली एकाएकी गंभीर झाल्या. हॅरिएटही त्यांत होती. पुढे उत्साह ओसरला, मन पुन्हा कादंबऱ्यांकडे वळले, त्याची टोचणी लागली. १८०८ मध्ये वडील वारले. मागे आई आणि नऊ मुले. दुसऱ्या वर्षी हॅरिएट मंडळीची सभासद झाली. हे सारे आपल्याला कळते ते तिच्या रोजनिशीतून व पत्रांतून.

५/
ही रोजनिशी दिवसभराच्या घटनांची नोंदवही नव्हती. ती हिशेबवही होती. आज प्रार्थनेत मन लागले का? बोलण्यात पोकळपणा होता का? मृत्यू आज आला तर मी सिद्ध आहे का? त्या काळच्या न्यू इंग्लंडमध्ये असे आत्मपरीक्षण तरुण मुलामुलींच्या दिनक्रमाचा भाग होते. मिशनच्या तयारीचा पहिला वर्ग मेणबत्तीच्या उजेडात, या वहीच्या पानांवर भरत असे.

६/
याला एका विचाराचे अधिष्ठान होते. सॅम्युएल हॉपकिन्स या धर्मपंडिताने निरपेक्ष परोपकाराची शिकवण मांडली होती. तिचा आशय असा की खरा भक्त स्वतःच्या तारणाचीही काळजी मागे टाकून सर्व जीवांच्या कल्याणाची इच्छा धरतो. ही शिकवण मनावर घेतलेल्या तरुणाला घरी स्वस्थ बसणे अवघड झाले. स्वतःला विसरण्याची सर्वांत कठोर परीक्षा कोणती, या प्रश्नाचे एक उत्तर होते : समुद्रापलीकडे जाणे.

७/
मुलांची तयारी निराळ्या जागी चालू होती. ऑगस्ट १८०६. विल्यम्सटाउनच्या कॉलेजातील सॅम्युएल मिल्स आणि चार सोबती मोकळ्या माळावर प्रार्थनेस जमले असता वादळी पाऊस आला. त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला आणि आशियात सुवार्ता पाठविण्याची चर्चा तेथेच पुढे चालू ठेवली. अमेरिकन मिशनच्या इतिहासात ही 'गंजीखालची प्रार्थनासभा' म्हणून प्रसिद्ध आहे.

८/
१८०८ मध्ये या मंडळींनी एक गुप्त मंडळ स्थापिले. त्याचे नियम सांकेतिक लिपीत लिहिलेले होते. सभासदाने स्वतः परदेशी जाण्याचा निश्चय केलेला असावा आणि त्या निश्चयाच्या आड येईल असे कोणतेही बंधन पत्करू नये, ही अट होती. गुप्ततेचे कारण साधे होते. बेत फसला तर हसे होईल, आणि लोक आताच आपल्याला अविचारी म्हणतील, अशी त्यांना धास्ती होती.

९/
त्याच वर्षी अँडोव्हर येथे पाळकांच्या शिक्षणासाठी नवे विद्यापीठ सुरू झाले. मिल्स, गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट, अडोनिराम जडसन आणि सॅम्युएल न्यूएल हे पुढे तेथेच एकत्र आले. हिब्रू, ग्रीक, धर्मशास्त्र, प्रवचनकला असा अभ्यास होता. हिंदुस्थानाविषयीचे ज्ञान मुख्यतः छापील पानांवरून आलेले. कंपनी सरकारचा चॅप्लेन राहिलेल्या क्लॉडियस ब्यूकॅननच्या एका प्रवचनाने जडसनचे मन पेटले. आशियाचे जे चित्र या तरुणांपुढे होते ते अशा उत्साही, एकांगी लेखनाने रंगविलेले होते.

१०/
जून १८१० मध्ये ब्रॅडफर्डला पाळकांची सभा भरली. जडसन, नॉट, मिल्स व न्यूएल यांनी आपला अर्ज तिच्यापुढे ठेवला. अर्जावर आणखी दोन नावे होती. पण संख्या पाहून वडीलधारी मंडळी दचकतील म्हणून ती गाळली. या सभेतून परदेशी मिशनसाठी 'अमेरिकन बोर्ड' जन्मास आले. याच दिवसांत हॅसेल्टाइनांच्या घरी जेवणाच्या पंक्तीस जडसन व ॲन यांची प्रथम गाठ पडली, असे सांगतात.

११/
जडसनने ॲनच्या वडिलांना जे मागणीपत्र लिहिले ते अमेरिकेत आजही सांगितले जाते. मुलीचे सुख राखीन अशी हमी त्यात नाही. ती या जन्मी पुन्हा दृष्टीस पडणार नाही, परक्या हवापाण्यात हाल सोसील, कदाचित अकाली मरेल, हे सारे ठाऊक असून आपण तिला देण्यास राजी आहात का, असा सरळ प्रश्न आहे. वडिलांनी निर्णय मुलीवर सोपविला.

१२/
ऑक्टोबर १८१० मध्ये ॲनने आपला निश्चय हॅरिएटला येऊन सांगितला. हॅरिएट तेव्हा नुकतीच सतरा वर्षांची होत होती. मैत्रीण एवढे सोडावयास सिद्ध झाली आणि आपण काय केले, हा प्रश्न तिच्या रोजनिशीत उमटला. त्याच महिन्यात न्यूएलशी तिची ओळख झाली. बालपणीच पोरका झालेला, हार्वर्डमध्ये शिकलेला, अबोल प्रकृतीचा हा तरुण होता.

१३/
१८११ च्या वसंतात न्यूएलची विवाहाची मागणी आली. तिच्यासोबत हिंदुस्थानही येणार होता. हॅरिएटची अवस्था रोजनिशीत स्पष्ट दिसते. निर्णय आईच्या मुखातून यावा, असे तिला वाटत होते. विधवा आईला मुलीचा वियोग असह्य होता. तरीही तुझी सदसद्विवेकबुद्धी तुला जा म्हणत असेल तर मी आड येणार नाही, अशी आईची भूमिका होती. ओझे पुन्हा मुलीच्याच खांद्यावर आले. तिने होकार दिला.

१४/
गावात कुजबुज झाली. पुरुषाने जावे हेच लोकांना वेडेपण वाटत होते. अठरा वर्षांच्या मुलीने जावे हा तर अतिरेक. त्यांना निरोप देताना पाळक जोनाथन ॲलन यांनी दोघींना त्यांचे काम सांगितले : तेथील स्त्रियांपर्यंत तुमच्या पतींना पोहोचता येणार नाही, त्यांना शिकविणे तुमच्याकडे. मिशनऱ्याची पत्नी ही नुसती सोबतीण नव्हे, तिला स्वतःचे कार्य आहे, ही कल्पना येथे स्पष्ट उच्चारली गेली.

१५/
पैशाचे काय? बॉस्टनच्या स्त्रियांनी १८०२ पासून 'सेंट सोसायटी' चालविली होती. प्रत्येकीने आठवड्याला एक सेंट द्यावयाचा. अशा थेंबांवर मिशनकार्याचा जम बसत होता. जानेवारी १८१२ मध्ये जहाज मिळणार असल्याची वार्ता अचानक आली तेव्हा बोर्डापाशी पुरेसा निधी नव्हता. इंग्लंडशी युद्धाचे ढग जमले होते. ही संधी गेली तर दुसरी केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नव्हते. बोर्डाने धाडस केले, आणि तीन आठवड्यांच्या आत सहा हजार डॉलरांहून अधिक रक्कम गोळा झाली.

१६/
त्या हिवाळ्यात हॉल व न्यूएल फिलाडेल्फियात वैद्यकाची व्याख्याने ऐकत होते. हॉलला तत्पूर्वी कनेक्टिकटमधील एका मंडळीने पाळकपद देऊ केले होते. स्थिर वेतनाचे ते काम त्याने नाकारले. या तुकडीच्या तयारीत व्यवहारोपयोगी म्हणावे असे जे थोडेफार होते, त्यात वैद्यकाचे हे अर्धवट शिक्षण येते.

१७/
६ फेब्रुवारी १८१२, सेलमचे टॅबर्नॅकल चर्च. कडाक्याच्या थंडीत अँडोव्हरचे विद्यार्थी मैलोगणती पायपीट करून आलेले. जडसन, न्यूएल, नॉट, हॉल आणि ल्यूथर राइस या पाचांचा पाळकपदाचा दीक्षाविधी झाला. आदल्याच दिवशी ॲनचे लग्न झाले होते. हॅरिएटचे लग्न ९ फेब्रुवारीस लागले आणि १९ तारखेस 'कॅरॅव्हान' जहाजाने सेलमचा धक्का सोडला. हॉल, नॉट दांपत्य व राइस फिलाडेल्फियाहून 'हार्मनी'ने निघाले.

१८/
'कॅरॅव्हान' हे सेलमच्या पिकरिंग डॉज या व्यापाऱ्याचे मालवाहू जहाज. सेलमचे जहाजवाले कित्येक वर्षे हिंदुस्थानाशी व्यापार करीत होते. आपले सुती कापड त्या गावात पोहोचलेले होते. धर्म निघाला तो व्यापाराने रुळविलेल्या वाटेने. बोर्डाच्या सनदेवर मॅसेच्युसेट्सच्या विधिमंडळात वाद झाला तेव्हाही भाषा व्यापाऱ्यांचीच होती. धर्म देशातच अपुरा आहे, त्याची निर्यात कशाला, अशी हरकत निघाली. धर्म हा असा माल आहे की जितका बाहेर पाठवावा तितका घरी वाढतो, असे उत्तर मिळाले.

१९/
आता या तयारीत काय नव्हते ते पाहू. जावयाचे कोठे, हे नक्की नव्हते. आशियात वाव मिळेल तेथे, ब्रह्मदेशाचा विचार आधी. मराठी भाषा त्यांच्या अभ्यासात नव्हती. ज्यांना शिकवावयाचे त्यांच्या संतपरंपरेची, शास्त्रांची, जगण्याची ओळख नव्हती. 'अंधारातील मूर्तिपूजक' ही एक ठरीव प्रतिमा होती आणि तिच्यासाठी प्राण द्यावयाची सिद्धता होती. ही मंडळी मरण्यासाठी उत्तम तयार होती. तेथे राहून जगण्यासाठी फारच कमी.

२०/
जून १८१२ मध्ये कलकत्ता गाठले तर कंपनी सरकारने परत जाण्याचा हुकूम केला. त्याच महिन्यात अमेरिका व इंग्लंड यांचे युद्ध जाहीर झाले. न्यूएल दांपत्य ४ ऑगस्टला मॉरिशसकडे निघाले. वाटेत, समुद्रावर हॅरिएटला मुलगी झाली. ती पाच दिवसांत गेली. क्षयाने खंगलेली हॅरिएट ३० नोव्हेंबर १८१२ रोजी पोर्ट लुई येथे वारली. वय १९. ज्या कामासाठी मन घडविले, त्या कामाचा एक दिवसही तिच्या वाट्यास आला नाही.

२१/
हॉल व नॉट कलकत्त्याच्या अधिकाऱ्यांची नजर चुकवून ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस पोहोचले. तेथेही हद्दपारीची टांगती तलवार होती. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून त्यांनी मुक्काम टिकविला. खरी दुसरी तयारी येथे सुरू झाली : पंडितांपाशी बसून मराठी शिकणे. १८१४ मध्ये न्यूएल एकटाच येऊन मिळाला. १८२१ मध्ये तो पटकीने मुंबईतच गेला. १८२६ मध्ये हॉल नाशिककडे गेला असता तेथे पटकीची साथ होती. रोग्यांना औषध देत तो फिरला आणि परतीच्या वाटेवर त्याच रोगाने मरण पावला.

२२/
हॅरिएटची रोजनिशी व पत्रे १८१४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. एकामागून एक आवृत्त्या खपल्या. अमेरिकेत कित्येक मुलींना तिचे नाव ठेवले गेले. जिला काम करता आले नाही तिची तयारीच इतरांच्या तयारीचे पाठ्यपुस्तक झाली. येथे सावध राहावयास हवे. हे पुस्तक देणग्या व माणसे मिळविण्यासाठीही छापले गेले होते. मुलीच्या दुःखातून प्रचाराचे साधन घडले. पण तिची घालमेल त्यात जशी आहे तशी सापडते, म्हणून अभ्यासकाला ते आजही मोलाचे आहे.

२३/
ॲलन यांनी सांगितलेले काम पुढे झाले. १८२४ मध्ये अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ मध्ये सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका मुलींच्या शाळांसाठी आली, आणि पुढे अहमदनगरला स्थायिक झाली. जोतीराव फुले यांनी तिची नगरची शाळा पाहिली आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा त्यांना तेथे मिळाली. ती शाळा जोतीराव व सावित्रीबाई यांनी १८४८ मध्ये आपल्या निश्चयाने आणि आपल्या हेतूने चालविली. धर्मांतराच्या इच्छेने लावलेल्या रोपाला येथल्या मातीत निराळेच फळ धरले.

२४/
मिशनऱ्यांकडे पाहताना आपण बहुधा दोनच प्रश्न विचारतो : त्यांनी किती धर्मांतरे केली, आणि किती सुधारणा केल्या? हॅरिएटच्या खात्यावर दोन्ही रकाने कोरे आहेत. म्हणूनच तिच्यापाशी थांबणे मला आवश्यक वाटते. आपल्याविषयी काहीच न जाणता आपल्यासाठी घर सोडणारी ही मुलगी चुकीच्या चित्रावर खऱ्या निष्ठेने प्रेम करीत होती. त्या चित्राची चिकित्सा व्हावी, आणि त्या निष्ठेची नोंदही राहावी. इतिहासाला ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात.

(धागा समाप्त)