सत्याच्या साक्षीने

नागपुराहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सेलूचा मुलूख पूर्वापार भाविकांचा. बोर नदीकाठच्या घोराडास केजाजी महाराजांच्या विठ्ठलभक्तीमुळे प्रतिपंढरपूर म्हणण्याचा प्रघात पडलेला आणि केळझरचा गणपती तर सर्व पंचक्रोशीचा. येथील वारकऱ्यास ईश्वराचे लक्षण विचारण्याची गरज कोणाला भासली नाही. तो प्रश्न उघडपणे उपस्थित झाला तो सेलूपासून काही कोसांवर, सेवाग्रामच्या आश्रमात, 1944 साली.

प्रश्न घेऊन आले होते आंध्रातील गोपराजू रामचंद्र राव, ऊर्फ गोरा. नास्तिक मतांपायी वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकीस मुकलेला हा गृहस्थ कृष्णा जिल्ह्यातील मुदुनूर गावी अस्पृश्यतानिवारणाचे कार्य करीत होता. ईश्वर मानणारा मनुष्य आपल्या दैन्याचा भार दैवावर टाकून स्वस्थ बसतो, आणि ती श्रद्धा सुटल्याखेरीज जातिभेद सुटणार नाही, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या लेखी नास्तिक्य म्हणजे केवळ नकार नव्हे, तर माणसाने स्वतःच्या कृतीची जबाबदारी पत्करणे.

ज्या गांधीजींसमोर त्यांनी ही कैफियत मांडली, त्यांनी 1931 सालीच, ईश्वर हे सत्य आहे या आपल्या जुन्या वचनाचा क्रम उलटवून, सत्य हाच ईश्वर असे प्रतिपादन केले होते. कारण ईश्वर नाकारणारे पुष्कळ असले तरी सत्य नाकारणारा नास्तिकही त्यांना आढळला नव्हता. व्याख्येतील हा बदल पंडितांच्या वादापुरता राहिला असता, तर त्याचे महत्त्व मी फारसे मानले नसते.

परंतु गोरांनी आपल्या थोरल्या कन्येचा विवाह अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणाशी करण्याचे ठरविले, तेव्हा तो सेवाग्रामात लावून देण्याचे गांधीजींनी कबूल केले, आणि शपथेत ईश्वराच्या जागी सत्याचे नाव घालण्यासही संमती दिली. ज्याच्या दिवसाचा आरंभ व अंत प्रार्थनेने होत असे, त्याने दुसऱ्याच्या विवेकाखातर ईश्वराचे नाव बाजूस ठेवावे, यास मी श्रद्धेची न्यूनता समजत नाही. ती तिची परिपक्वता होय. गांधीजींची हत्या झाल्यानंतर, मार्च 1948 मध्ये, तो विवाह सेवाग्रामातच पार पडला.

या संवादांचा वृत्तांत गोरांनी पुढे ग्रंथरूपाने लिहिला. 1951 साली तो गांधीजींच्याच नवजीवन संस्थेने छापला आणि त्यास प्रस्तावना लिहिली ती किशोरलाल मशरूवालांनी, एका आस्तिकाने.