उसाच्या फडातले शॉर्टस्टॉप

१९८६ च्या मोसमात अमेरिका-कॅनडाच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये २६ संघ होते. त्यांतल्या पाच संघांचे शॉर्टस्टॉप एकाच परिसरात लहानाचे मोठे झाले होते. टोरांटोचा टोनी फर्नांडेझ, ओकलंडचा आल्फ्रेडो ग्रिफिन, अटलांटाचा राफाएल रामिरेझ, लॉस एंजेलिसचा मारियानो डंकन आणि क्लीव्हलंडचा हुलिओ फ्रँको. त्यांचं गाव सान पेद्रो दे माकोरीस, डॉमिनिकन रिपब्लिकच्या आग्नेय किनाऱ्यावरचं साखरेचं बंदर.

शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहतो. बहुतेक फलंदाज उजव्या हाताने खेळणारे, त्यामुळे जमिनीलगत सुटलेले चेंडू त्याच्याच दिशेने जास्त येतात. वाकायचं, उचलायचं, वळायचं आणि धावणारा पोचण्याआधी पहिल्या बेसवर फेकायचं. इनफिल्डमधली ही सर्वांत कठीण जागा. एकाच गावात या जागेचे इतके खेळाडू तयार होणं हा चमत्कार नव्हता. त्यामागे शंभर वर्षांचा ऊस होता.

क्युबात १८६८ ते १८७८ असं दहा वर्षं युद्ध चाललं. तिथून पळून आलेल्या मळेवाल्यांनी या किनाऱ्यावर साखर कारखाने उभारले, आणि त्यांच्याबरोबर बेसबॉलही आला. पुढे मजूर कमी पडू लागले तेव्हा सेंट किट्स, नेव्हिस, अँग्विला अशा ब्रिटिश बेटांवरून माणसं आणली गेली. स्थानिक लोक त्यांना ‘कोकोलो’ म्हणत. त्यांनी येताना इंग्रजी भाषा आणली, प्रॉटेस्टंट चर्च आणलं आणि क्रिकेट आणलं. कारखान्यांच्या वसाहतींमध्ये त्यांचे क्रिकेट क्लब होते. पुढच्या पिढ्यांनी बॅट तीच धरली, खेळ मात्र बेसबॉलचा घेतला. ग्रिफिन, सॅम्युएल, कार्टी, डंकन ही स्पॅनिशभाषक देशातली इंग्रजी आडनावं त्या स्थलांतराची खूण आहेत. या गावातून मेजर लीगमध्ये पोचलेला पहिला खेळाडू आमादो सॅम्युएल. वर्ष १९६२, संघ मिलवॉकी, जागा शॉर्टस्टॉपची.

तिथल्या गल्ल्यांत आजही ‘प्लाकिता’ खेळतात. मोटारींच्या दोन जुन्या नंबरप्लेटा समोरासमोर उभ्या करायच्या. गोलंदाजाने चेंडूने प्लेट पाडायची, फलंदाजांनी मार बसताच जागा बदलत धावा काढायच्या. मराठी मुलाला हा खेळ समजावून सांगावा लागणार नाही. दुसरा खेळ ‘व्हितिया’. त्यात पाण्याच्या मोठ्या बाटलीचं झाकण चेंडू होतं आणि झाडूचा दांडा बॅट. वेडंवाकडं तरंगत येणाऱ्या झाकणावर नजर बसली की खरा चेंडू सोपा वाटू लागतो.

गळीत हंगाम संपला की मजुरांच्या हाताला काम नसे, पण मैदानं मोकळी असत. कॉन्सुएलो, सांता फे, अँजेलिना, पोर्व्हेनिर अशा कारखान्यांचे संघ एकमेकांशी ईर्ष्येने खेळत. कॉन्सुएलोत जोसेफ एन्स्ली या कॅनडाच्या मिशनरी पाद्र्याने मुलांसाठी खेळाची शिस्त बसवली. मैदान खडबडीत, चेंडूची उसळी बेभरवशाची. अशा जमिनीवर जो चेंडू अडवतो त्याचे हात मऊ होतात, असं बेसबॉलवाले मानतात.

अशा मुलांपैकी काही हेरली एपी गेरेरो यांनी. १९७७ मध्ये सुरू झालेल्या टोरांटो संघाचे ते स्काउट होते. राजधानीजवळच्या व्हिया मेयात त्यांनी स्वतः प्रशिक्षण केंद्र उभारलं. टोनी फर्नांडेझ सान पेद्रोच्या तेतेलो व्हार्गास स्टेडियमच्या मागेच राहायचा. गुडघा दुखावलेला, त्यामुळे लंगडणाऱ्या मुलाकडे इतर स्काउटांनी पाठ फिरवली. गेरेरोंनी त्याची शस्त्रक्रिया करवली आणि १९७९ मध्ये करार केला. तो तयार झाल्यावर टोरांटोने १९८४ अखेर ग्रिफिनला ओकलंडकडे दिलं. सान पेद्रोच्या एका शॉर्टस्टॉपची जागा सान पेद्रोच्याच दुसऱ्याने घेतली. १९८६ मध्ये फर्नांडेझने २१३ हिट्स मारल्या. शॉर्टस्टॉपसाठी हा आकडा फार मोठा होता. त्या वर्षापासून क्षेत्ररक्षणाचे सलग चार ‘गोल्ड ग्लव्ह’ पुरस्कार त्याने मिळवले.

स्काउटच्या चाचणीचा साचा फारसा बदललेला नाही. आधी ६० यार्डांची धाव. मग मुलाला शॉर्टस्टॉपच्या जागी उभं करून डावी-उजवीकडे चेंडू मारायचे. शेवटी तिसऱ्या बेसच्या बाजूला खोलवर पाठवून तिथून पहिल्या बेसवर फेक. स्काउटच्या हातात स्टॉपवॉच असतं, कारण उजव्या हाताचा सरासरी फलंदाज सुमारे ४.३ सेकंदांत पहिला बेस गाठतो. उचल आणि फेक त्याच्या आत बसली पाहिजे. प्रत्येक गुणाला २० ते ८० मध्ये आकडा मिळतो, ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. सोळा वर्षांच्या मुलाला दोन आकडे देतात. एक आजचा, दुसरा उद्याच्या अंदाजाचा, आणि सगळा जुगार त्या दुसऱ्या आकड्यावर. शॉर्टस्टॉपवर तो जुगार खेळणं परवडतं. तिथे तो टिकला नाही तर दुसऱ्या बेसवर किंवा आउटफिल्डमध्ये चालतो. किस्केया कारखान्याच्या परिसरातला आल्फोन्सो सोरियानो असाच सरकत लेफ्ट फिल्डपर्यंत गेला.

या व्यवसायाची काळी बाजूही आहे. १९८४ मध्ये टोरांटोने तेरा वर्षांच्या शॉर्टस्टॉपशी करार केला. किमान वयाची अट त्यानंतर आली. १९८५ मध्ये कॉन्सुएलोच्या सॅमी सोसा या खेळाडूला करारापोटी ३,५०० डॉलर मिळाले होते. २००६ मध्ये वॉशिंग्टनने सोळा वर्षांचा समजून एका डॉमिनिकन शॉर्टस्टॉपला १४ लाख डॉलर दिले. २००९ मध्ये उघड झालं की त्याचं नाव आणि वय दोन्ही खोटं होतं, करारावेळी तो वीस वर्षांचा होता. रक्कम वाढली तसे ‘बुस्कोन’ म्हणजे मुलांना तयार करून कमिशन घेणारे मध्यस्थही वाढले.

दरम्यान साखर ढासळली. कारखाने थंडावले, आणि बेसबॉल हीच गावाची आशा उरली. १९८५ पासूनची डॉमिनिकन समर लीग ही मायनर लीगची सर्वांत खालची पायरी. तिथे करार झालेली बहुतेक मुलं मेजर लीगपर्यंत पोचत नाहीत. अनेकांनी तोवर शाळा सोडलेली असते. ज्या संघांनी या मातीतून पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू उचलले, त्यांनी परत पाठवलेल्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च उचलायलाच हवा. तो उपकार ठरणार नाही, ते देणं आहे.