किंग्जवे, राजपथ, कर्तव्यपथ : दिल्लीतला हा रस्ता नेमका कुणाचा?

ऑक्टोबर १९८८. दिल्लीतल्या इंडिया गेटजवळच्या बोट क्लबच्या हिरवळीवर लाखो शेतकरी येऊन बसले होते. ट्रॅक्टर, बैलगाड्या, हुक्के, चुली, सगळा संसार सोबत. नेते होते महेंद्रसिंग टिकैत. उसाला भाव द्या, वीज-पाण्याची थकबाकी माफ करा, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

जिथे हे सगळं चाललं होतं, तो रस्ता बांधला गेला होता राजाचा रुबाब दाखवायला.

१२ डिसेंबर १९११ ला पंचम जॉर्जने दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा केली. त्यासाठी रायसीना, मालचा अशा गावांच्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतल्या गेल्या. शहर आखायचं काम एडविन लट्यन्स आणि हर्बर्ट बेकर यांच्याकडे आलं. टेकडीवर व्हाइसरॉयचा महाल आणि तिथून थेट खाली उतरणारा सरळसोट रस्ता, अशी ती आखणी. रस्त्याचं नाव किंग्जवे.

पण चढामुळे घोटाळा झाला. बेकरची सचिवालयं पुढे आणि महाल मागे. त्यामुळे चढ सुरू होतो तिथे पोहोचलं की महाल जवळजवळ दिसेनासाच होतो! लट्यन्स इतका भडकला की दोघांचं बोलणं बंद झालं. नेपोलियनची वॉटर्लू झाली तशी आपली ‘बेकरलू’ झाली, असं तो म्हणायचा. आजही विजय चौकात उभं राहून बघा, राष्ट्रपती भवनाचा फारतर घुमट दिसतो.

दुसऱ्या टोकाचं इंडिया गेट १९३१ मध्ये पूर्ण झालं. त्यामागच्या छत्रीत पंचम जॉर्जचा पुतळा होता. तो स्वातंत्र्यानंतरही १९६८ पर्यंत तिथेच होता, हे अनेकांना माहीत नसतं.

स्वातंत्र्यानंतर किंग्जवेचा राजपथ झाला. राजा गेला, पण नाव त्याचंच भाषांतर. त्याला छेदणाऱ्या क्वीन्सवेचा मात्र जनपथ झाला. १९५५ पासून प्रजासत्ताक दिनाचं संचलन राजपथावर होऊ लागलं. पण वर्षातले बाकीचे दिवस हिरवळीवर डबा खाणाऱ्यांचे, आइस्क्रीमवाल्यांचे आणि मोर्चेकऱ्यांचे असायचे.

टिकैत यांचे शेतकरी आठवडाभर हलले नाहीत. ३१ ऑक्टोबरला तिथे होणारा इंदिरा गांधींच्या पुण्यतिथीचा काँग्रेसचा कार्यक्रम दुसरीकडे हलवावा लागला. पुढे नव्वदच्या दशकात बोट क्लब आंदोलनांसाठी बंद झाला आणि मोर्चे जंतरमंतरवर जाऊ लागले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की या दोन्ही ठिकाणी सरसकट बंदी घालता येणार नाही, नियम करा.

८ सप्टेंबर २०२२ ला नव्याने सजवलेल्या रस्त्याचं ‘कर्तव्यपथ’ या नावाने उद्घाटन झालं. रिकाम्या छत्रीत त्याच दिवशी नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा २८ फुटी ग्रॅनाइटचा पुतळा आला. नव्या हिरवळीवर संध्याकाळी आजही तोबा गर्दी असते. चुली पेटवायला मात्र तिथे बंदी आहे.