ग्रंथाच्या पानावरून लोकरीत

ग्रंथालयाच्या शताब्दी स्मरणिकेत गालिच्यांविषयी लिहिणे काही वाचकांना विषयांतर वाटेल. परंतु मोगल काळातील चित्रमय गालिचा आणि सचित्र हस्तलिखित ही सख्खी भावंडे होत. एकाच दरबाराच्या आश्रयाने ती वाढली आणि एकाची आकृती दुसऱ्यात सहज उतरली.

अकबराच्या चित्रशाळेत ‘हम्जानामा’ रंगला आणि महाभारताच्या ‘रज्मनामा’ या फारसी अनुवादासाठीही चित्रे काढली गेली. याच काळात आग्रा, फत्तेपूर आणि लाहोर येथे गालिच्यांचे कारखाने चालत असल्याचे अबुल फजल ‘आईन-इ-अकबरी’त नोंदवतो. तेथील 20 गज 7 तसू लांब आणि 6 गज साडेअकरा तसू रुंद अशा एका गालिच्यास 1810 रुपये खर्च आला आणि जाणकारांनी त्याचे मोल 2715 रुपये ठरवले, असे तो लिहितो. (तसू हे माप आपल्या जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासकांना अपरिचित नाही.)

चित्रकाराने कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात काढलेली हत्तीची सोंड विणकराला शेकडो गाठींत बांधावी लागते. मागावर सुताचे उभे धागे ताणायचे, त्यांच्या जोडीभोवती रंगीत लोकरीची एकेक गाठ मारून धागा कापायचा, ओळ पुरी झाली की आडवा धागा घालून ती पंजाने ठोकून बसवायची. गाठी उभ्या-आडव्या ओळींत बसत असल्यामुळे लोकरीत खरी वक्ररेषा नसतेच. असतात त्या बारीक पायऱ्या, आणि त्या डोळ्यांना जाणवू न देणे हेच विणकराचे कसब.

या कसबाचा एक अप्रतिम नमुना बोस्टन येथील ललितकला संग्रहालयात 1893 पासून आहे. सुमारे 8 फूट लांब आणि 5 फूट रुंद असा हा गालिचा सोळाव्या शतकाच्या अखेरीस किंवा सतराव्याच्या आरंभी, बहुधा लाहोरात, विणला गेला. नेहमीच्या गालिच्याप्रमाणे तो चहूबाजूंनी सारखा दिसत नाही. पोथीतील चित्रासारखा एकाच बाजूने पाहावा लागतो. एकीकडे घरातील बैठक, दुसरीकडे शिकार आणि बैलगाडीत बसवलेला चित्ता. या सर्वांपेक्षा लक्ष वेधतो तो हत्तीचे मस्तक आणि सिंहाचे शरीर असलेला एक सपक्ष पशू. त्याने सात काळे हत्ती पकडले आहेत आणि त्याच्यावर सीमुर्गासारखा भव्य पक्षी झेपावतो आहे.

पक्षी इराणी परंपरेतला खरा. पण हा पशू? जंजिऱ्याच्या महाद्वाराशी पंजांत आणि शेपटीत हत्ती धरलेले शिल्प ज्याने पाहिले आहे, त्याला तो सर्वस्वी परका वाटणार नाही. विजयनगरच्या अच्युतरायाच्या (1529–1542) नाण्यांवरील गंडभेरुंडही असेच हत्ती उचलून नेतो. यांपैकी कोणावरून कोणाची नक्कल झाली, असा दावा मी करीत नाही. मात्र हत्तींचे पारिपत्य करणारा अद्भुत प्राणी या भूमीत घरोघरच्या कथांइतका रुळलेला होता, आणि मोगल गालिचा म्हणजे इराणी कलेची केवळ उसनवारी, हा पाश्चात्त्य संग्राहकांनी रूढ केलेला समज या एका पशूपुढे लटका पडतो.

इराणातील अर्दबीलच्या विख्यात गालिच्यावर मक्सूद काशानी हे नाव आणि हिजरी 946, म्हणजे इ.स. 1539-40, हे वर्ष तरी आहे. बोस्टनच्या गालिच्यावर कोणाचेच नाव नाही. संग्रहालयाच्या दप्तरी नाव आहे ते देणगीदार एम्स घराण्याचे.

पुढे शहाजहानच्या काळात आकृती मागे पडून फुलांचा बहर आला. लाहोरातच विणलेला आणि 1634 मध्ये लंडनच्या कमरपट्टे करणाऱ्यांच्या संघाला रॉबर्ट बेल याने भेट दिलेला गालिचा आजही उपलब्ध आहे. त्याच्या मध्यभागी त्या संघाचे मानचिन्ह आहे आणि बाजूंना बेलच्या व्यापारी खुणा असलेले मालाचे गठ्ठे विणलेले आहेत.