अध्याहृत

‘अध्याहृत’मध्ये ‘हृ’ हा नेण्या-आणण्याचा धातू आहे. त्याला ‘अधि’ आणि ‘आ’ हे उपसर्ग लागले, की अर्थ होतो वरून आणून घातलेले. आणतो कोण? ऐकणारा. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी यावर कसून वाद घातला. कुणी नुसते ‘दार!’ म्हटले, तर ‘लाव’ कुठून येते? कुमारिल भट्टाचे अनुयायी म्हणत, ऐकणारा शब्दच आणतो. प्रभाकराचे म्हणत, फक्त अर्थ. मला कुमारिलांची बाजू अधिक पटते, कारण आणलेला शब्द उच्चारून तपासता येतो.

ऐकणाऱ्याचे हे आणून घालणे ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावरील ग्रंथात युक्तिवादातही हेरले. डोरिअस नावाच्या खेळाडूला मुकुट मिळाला हे पटवायचे, तर तो ऑलिंपियात जिंकला एवढे सांगणे पुरे. तिथले बक्षीस मुकुट, हे ग्रीक श्रोत्यांना ठाऊकच होते. अशा युक्तिवादासाठी त्याचा शब्द ‘एन्थुमेमा’. त्यात ‘थुमोस’ म्हणजे मन आहे.

तो मुकुट निरुपद्रवी. पण ‘मुलगी आहे, कशाला एवढं शिकवता?’ यात अध्याहृत काय? मुलीचे शिक्षण वाया जाते, हे विधान. ते उघड बोलायला सांगितले की माणूस बहुधा अडखळतो, कारण त्याचा पुरावा आजवर कुणी मागितलेलाच नसतो.