तळं सगळ्यांचं, काठ कुणाचा?

बर्लिन म्हटलं की आपल्याला आठवते ती भिंत. इथे राहायला आल्यावर मात्र कळतं की हे शहर पाण्याचंही आहे. हावेल नदी पश्चिमेकडे इतकी पसरते की ती नदी आहे की तळ्यांची माळ, हेच समजत नाही. एम.एस.साठी जर्मनीत आलो आणि पुढे नोकरीने बर्लिनला आणलं, तेव्हा मलाही याची कल्पना नव्हती.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चार कुटुंबांनी मिळून एक मोटरबोट भाड्याने घेतली. 2012 पासून इथल्या बहुतेक जलमार्गांवर 15 अश्वशक्तीपर्यंतच्या बोटीला परवाना लागत नाही, त्यामुळे माझ्यासारखा आयुष्यभर कीबोर्ड बडवणारा माणूसही कप्तान होऊ शकतो. वानझेहून निघून ग्रीब्निट्झझेला पोहोचलो. एका सुंदर बंगल्याच्या धक्क्याजवळ इंजिन बंद केलं, बटाटेवड्यांचा डबा उघडला आणि छोट्या स्पीकरवर गाणी लावली. दहाच मिनिटांत एक आजी धक्क्याच्या टोकाशी आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "गाणी छान आहेत तुमची, पण पाण्यावरून ती थेट माझ्या स्वयंपाकघरात येतात." आम्ही ओशाळलो, माफी मागितली, पुढे निघालो. माझ्या मुलाने विचारलं, "बाबा, तळं त्यांचं आहे का?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर वाचायला बसलो, आणि जे हाती लागलं ते आपल्यासाठी इथे मांडतो.

बर्लिनमध्ये काठाचा प्रश्न भिंतीच्याही आधीचा आहे. 1863 पासून विल्हेल्म कॉनराड या बँकरने वानझेच्या काठी श्रीमंतांची बंगल्यांची वसाहत उभारायला सुरुवात केली. सामान्य बर्लिनकरांना मात्र तिथे उघड्यावर पोहायलाही बंदी होती. 1907 च्या मे महिन्यात पूर्वेकडच्या काठाचे जेमतेम 200 मीटर लोकांसाठी खुले झाले. आजच्या प्रसिद्ध स्नानतीराची सुरुवात ती! पुढे 1915 साली बृहद्बर्लिनच्या संघाने प्रशियाच्या सरकारकडून सुमारे 10,000 हेक्टर जंगल पाच कोटी मार्कांना विकत घेतलं, ते बिल्डरांच्या हाती जाऊ नये म्हणून. ग्रुनेवाल्डच्या बाजूने आपण आज पाण्यापर्यंत चालत जातो, त्यामागे हा करार आहे.

ग्रीब्निट्झझेची कहाणी याहून गुंतागुंतीची आहे. उत्तरेचा काठ बर्लिनचा, तिथे जंगल. दक्षिणेचा काठ पोट्सडाममधल्या बाबेल्सबर्गचा, तिथे 1870 च्या दशकापासून बंगले. 1945 च्या पोट्सडाम परिषदेसाठी ट्रुमन, चर्चिल आणि स्टालिन याच वसाहतीत उतरले होते. मग 1961 उजाडलं. सीमा तळ्यातूनच जात होती, त्यामुळे बंगल्यांच्या बागांचा पाण्याकडचा भाग पूर्व जर्मनीच्या राजवटीने घेतला, तिथे भिंत घातली आणि सैनिकांच्या गस्तीसाठी रस्ता केला. तळं घरापासून हाकेच्या अंतरावर आणि त्याचं दर्शन नाही! अठ्ठावीस वर्षं काठावर राहणाऱ्यांनी असे दिवस काढले.

1989 नंतर भिंत गेली, गस्तीचा रस्ता उरला. त्यावरून लोक चालू लागले, सायकली फिरू लागल्या. जिथे पाऊल टाकलं तर गोळी खावी लागली असती, तिथे बाबागाड्या आल्या. पण ती जमीन मुळात बागांची होती. 1996 च्या कायद्याने भिंतीखाली गेलेल्या जमिनी मूळ मालकांना किंवा त्यांच्या वारसांना बाजारभावाच्या चतुर्थांश किमतीत परत घेण्याची सोय केली. काही बंगले नव्या धनिकांनी विकत घेतले. अखेर 2009 साली न्यायालयाचा निकाल मालकांच्या बाजूने गेला आणि काहींनी आपापल्या हद्दीत रस्ता अडवला. कुठे कुंपण, कुठे झुडपं. ब्रांडेनबुर्गच्या 1992 च्या राज्यघटनेत सरोवरं आणि नद्यांची वाट लोकांसाठी मोकळी ठेवण्याचं कर्तव्य लिहिलेलं आहे, तरीही हे झालं. गंमत अशी की यातले बरेच बंगले ज्या रस्त्यावर आहेत, त्याचं नाव कार्ल मार्क्स रस्ता!

मी स्वतः चालणाऱ्यांच्या बाजूचा आहे. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा कृष्णेचा घाट लहानपणी पाहिला आहे. वाडा नानांचा, पण घाटावर सगळं गाव उतरायचं. घाटाला दार असतं, ही कल्पनाच आपल्याला शिवत नाही. तरी मालकांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ज्याच्या आजोबांची बाग सैनिकांसाठी हिसकावली गेली, त्याला "आता ती जनतेसाठी सोड" हे ऐकताना काय वाटत असेल?

पण वाचताना माझ्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. पाणी हा सरकारी जलमार्ग आहे, तो कोणी अडवू शकत नाही. जिथे काठाची वाट बंद झाली, तिथे त्या बंगल्यांसमोर जनता म्हणून उरलो ते आम्ही बोटवाले. वाटेवरून जाणारा निदान पुढे सरकतो. आम्ही तर नांगर टाकून, स्पीकर लावून बसलो होतो. म्हणजे कुंपण घालणाऱ्यांच्या हाती आम्हीच आयतं कारण देत होतो. "बघा, मोकळं ठेवलं की काय होतं ते!" आजींनी तसं काही म्हटलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

मुलाला मी शेवटी एवढंच सांगितलं, की पाणी सगळ्यांचं, धक्का आजींचा आणि मधली पट्टी कोर्टात. त्याला ते पटलं नाही. यंदा पुन्हा बोट घेतली, स्पीकर घरी ठेवला. त्या धक्क्यासमोर वेग कमी केला, लाटा काठाला लागू नयेत म्हणून. धक्क्यावर कोणी नव्हतं. खिडकी मात्र उघडी होती, म्हणून वडे खाताना आम्ही सगळेच हळू आवाजात बोलत होतो.