आपल्या फोटोत काय आहे दाखवण्यासारखं?

यावलहून आमच्या बचत गटातल्या आम्ही सगळ्या जणी आज तुमच्याशी बोलतोय. भाकरी तव्यावर असेल तर असू द्या, हात चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या. आज विषय आहे फोटोचा. लग्नातल्या फोटोवाल्याचा नाही, आपल्या स्वतःच्या मोबाईलमध्ये पडून असलेल्या फोटोंचा.

झालं असं की, गटाच्या एका बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि एकीने विषय काढला. आपण सगळ्या जणी मोबाईलवर फोटो काढतो, तर प्रत्येकीने एकेक चांगला फोटो छापून आणायचा. समाजमंदिरात दोरी बांधायची, कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो लावायचे आणि गावाला बघू द्यायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या बैठकीला फोटो आणले फक्त तिघींनी. त्यातले दोन देवाचे होते आणि एक नातवाच्या वाढदिवसाचा.

बाकीच्यांना विचारलं, का गं बायांनो? तर एक म्हणाली, "मले काय येते फोटोतलं?" दुसरी म्हणाली, "याच्यात पाहासारखं काय हाये? लोकं हासतीन ना!" तिसरीने काही न बोलता मोबाईल मांडीवर पालथा घातला. तिला किती तरी वेळा आम्ही फोटो काढताना पाहिलं होतं. फोटो काढायला तिला लाज नव्हती, दाखवायला होती.

मग आम्ही विचारात पडलो. हा संकोच येतो कुठून? तो आपल्याच वाट्याला आला आहे की आपल्या आधीच्यांनाही होता? म्हणून आम्ही थोडं मागं जाऊन पाहिलं. त्यात जे सापडलं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

सुरुवात घराजवळूनच करू. फैजपूर आपल्याच यावल तालुक्यातलं. तिथे १९३६ सालच्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. काँग्रेसची अधिवेशनं तोवर शहरांत भरत, खेड्यात भरलेलं हे पहिलं. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, महात्मा गांधी आले होते आणि आपल्या भागातले धनाजी नाना चौधरी त्याच्या उभारणीत पुढे होते. हे आपल्यापैकी बऱ्याच जणींनी शाळेत किंवा घरात ऐकलेलं असतं. पण त्यामागची एक गोष्ट कमी सांगितली जाते.

अधिवेशनाचं नगर सजवायचं काम गांधीजींनी शांतिनिकेतनचे मोठे चित्रकार नंदलाल बोस यांच्यावर सोपवलं. एवढा नावाजलेला माणूस, पण तोही आधी कचरला. आपण चित्रं काढणारे, मांडव आणि नगर उभारणं हे आपलं काम नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. गांधीजींनी त्यांची समजूत घातली. त्यांना कसबी वास्तुकार नको होता, मनापासून काम करणारा हवा होता. मग नंदलाल आले आणि गावात मिळेल त्यातूनच त्यांनी नगर सजवलं. बांबू, चटया, माती, गवत. ज्या वस्तूंकडे आपण घरातल्या घरात बघतही नाही, त्या देशभरातून आलेल्या माणसांनी थांबून पाहिल्या. खादी आणि ग्रामोद्योगाचं प्रदर्शनही तिथे भरलं होतं. आपल्या मातीतल्या वस्तू 'दाखवण्यासारख्या' आहेत, हे आपल्या तालुक्याने तेव्हाच बघितलं आहे, बायांनो. आपणच ते विसरलो.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. त्या अधिवेशनाचे फोटो आहेत. पुढारी आहेत, गर्दी आहे. पण एवढ्या माणसांसाठी चुली पेटल्या असतील, दळणं झाली असतील, पाणी भरलं गेलं असेल. त्या कामात इथल्या बायांचे हात नव्हते असं कोण म्हणेल? त्यांच्या डोळ्यांनी दिसलेलं फैजपूर मात्र आपल्याकडे नाही. खेड्यातल्या बाईच्या हातात कॅमेरा असण्याचे ते दिवस नव्हते.

कॅमेरा मुळात आपल्यासाठी आलाच नव्हता. फोटो काढण्याची कला १८३९ साली फ्रान्समध्ये जाहीर झाली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. पण तो खेळ साहेबांचा, राजेरजवाड्यांचा आणि पैसेवाल्यांचा. पुढे शहरांत स्टुडिओ निघाले. बायका फोटोत दिसू लागल्या, तरी कॅमेऱ्यामागे पुरुषच. हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तिथे फोटो काढायला बाई ठेवली, याचंच तेव्हा नवल होतं. आपल्या सासवांच्या काळातही फोटो म्हणजे तालुक्याच्या गावी जाऊन, नवी साडी नेसून, ताठ उभं राहून काढायची गोष्ट. घरात कॅमेरा असलाच तर रोलमध्ये ३६ फोटो, रोल धुवायचा खर्च वेगळा आणि कॅमेरा घरच्या पुरुषाच्या गळ्यात. ज्या वस्तूला पिढ्यान् पिढ्या हात लावू दिला नाही, ती हातात आल्यावर हात थरथरणारच. तेव्हा आपल्याला वाटणारा संकोच हा आपला वेडेपणा नाही, तो मागून चालत आलेला आहे.

तरी कोणीतरी पहिली असतेच. फैजपूरचं अधिवेशन झालं त्याच काळात मुंबईत एक तरुण पारशी मुलगी कॅमेरा घेऊन फिरू लागली होती. तिचं नाव होमाई व्यारावाला. जन्म १९१३ सालचा, नवसारीचा. वडील फिरत्या नाटक कंपनीत. मुंबईत ती जे. जे. कला शाळेत शिकली आणि फोटो काढायला तिला माणेकशा व्यारावाला यांनी शिकवलं, ज्यांच्याशी पुढे तिचं लग्न झालं.

तिचे पहिले छापून आलेले फोटो कशाचे होते माहीत आहे? युद्धाचे नाही, पुढाऱ्यांचे नाही. बायकांच्या एका मंडळाच्या सहलीचे. बायका सहलीला गेल्या, तिने फोटो काढले आणि ते मुंबईच्या एका वर्तमानपत्रात आले. एका फोटोला एक रुपया मिळाला. आपल्या गटाची शेगावची सहल झाली, तेव्हा आपणही असेच फोटो काढले होते की नाही?

पुढचं ऐका. सुरुवातीचे तिचे कितीतरी फोटो तिच्या नावाने छापलेच नाहीत. ते माणेकशांच्या नावाने छापले. ती नवखी आणि त्यात बाई, तिच्या नावाला कोण विचारणार? नंतर तिने 'डालडा १३' असं टोपणनावही वापरलं. पण नाव कुठलंही असो, फोटो घरात ठेवले नाहीत, बाहेर जाऊ दिले. १९४२ साली ती दिल्लीला गेली आणि साडी नेसून, जड कॅमेरा सांभाळत, पुरुषांच्या गर्दीत उभी राहून काम करू लागली. १५ ऑगस्ट १९४७ चा दिवस, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरू, हे सगळं तिने टिपलं. भारतातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं.

पण १९७० च्या सुमारास तिने कॅमेरा खाली ठेवला. पुढे बडोद्याला ती साधेपणाने राहिली आणि बरीच वर्षं लोक तिला विसरले होते. मग सबीना गडीहोक नावाच्या अभ्यासक बाई तिच्याकडे जाऊन बसल्या, विचारत राहिल्या, जुने फोटो एकेक करून पाहिले आणि २००६ साली तिच्यावर पुस्तक आलं. २०११ साली होमाईंना पद्मविभूषण मिळालं. २०१२ च्या जानेवारीत, ९८ व्या वर्षी त्या गेल्या. आम्हाला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटली. एका बाईने फोटो काढले आणि दुसऱ्या बाईने ते दाखव म्हणून विचारलं. विचारणारी भेटली म्हणून ते पुन्हा लोकांपुढे आले.

आता म्हणाल, ती मुंबईची शिकलेली, आमचं काय? तर मग आपल्या बहिणाबाईंकडे बघा. आसोद्याची लेक, जळगावची सून. जन्म १८८० चा. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, वावरात, चुलीपाशी जे सुचलं ते आपल्याच बोलीत म्हटलं. आपण काही जगाला दाखवण्यासारखं करतोय, या हिशेबाने ते म्हटलेलं नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यातलं काही कागदावर उतरवून घेतलं. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. सोपानदेव स्वतः कवी, पण आईची गाणी आचार्य अत्र्यांपुढे ठेवताना तेही कचरले होते असं सांगतात. अत्र्यांनी ती वही पाहिली आणि हे सोनं लपवून ठेवायचं नाही असं बजावलं. १९५२ साली गाणी पुस्तकात आली. आज आपल्या भागातलं विद्यापीठ त्यांच्या नावाने आहे. उतरवून घेतलं नसतं तर ते बोल वाऱ्यावर गेले असते. किती बायांचे गेले असतील, त्याची मोजदाद कोण करणार?

एक लांबची गोष्टही सांगतो. अमेरिकेतल्या शिकागो शहरात विवियन मायर नावाची बाई लोकांची मुलं सांभाळून पोट भरायची. सुट्टीच्या वेळी रस्त्यावर फोटो काढायची. आयुष्यभरात लाखाहून जास्त फोटो काढले, पण जवळजवळ कोणालाच दाखवले नाहीत. सामान ठेवलेल्या गाळ्याचं भाडं थकलं, तेव्हा २००७ साली तिच्या पेट्या लिलावात निघाल्या. २००९ साली ती गेली आणि त्यानंतर जगभर तिचं नाव झालं. तिला ते कधी कळलं नाही.

आता कोणी म्हणेल, तिला दाखवायचेच नसतील. असेलही, आणि तो तिचा हक्क. आपण एक गोष्ट स्पष्ट बोलू. दाखवलंच पाहिजे अशी कोणावर सक्ती नाही. पण ठरवून न दाखवणं वेगळं आणि लाजेपोटी न दाखवणं वेगळं. आपण कुठल्या कारणाने मोबाईल पालथा घालतो, एवढं प्रत्येकीने स्वतःला विचारावं.

भीतीचं दुसरंही कारण आहे, आणि ते खरं आहे. फोटो कोणाच्या हातात जाईल, कोण काय करेल याचा भरवसा नसतो. म्हणून आम्ही गटात नियम केले. फोटो छापून भिंतीवर लावायचे, व्हॉट्सॲपवर फिरवायचे नाहीत. ज्याचा चेहरा फोटोत आहे त्याला आधी विचारायचं. तो माणूस हयात नसेल तर घरच्यांना विचारायचं. नाही म्हणाले तर फोटो काढून घ्यायचा, रुसायचं नाही. आणि पहिल्यांदा सगळ्या गावाला दाखवायचं नाही, एकाच मैत्रिणीला दाखवायचं.

हा शेवटचा नियम कामाला आला. मोबाईल पालथा घालणाऱ्या आमच्या मैत्रिणीने एका दुपारी एकीलाच फोटो दाखवले. त्यात एक होता कापसाच्या वेचणीचा. वावरात एक बाई उभी, कमरेच्या ओटीत कापूस भरलेला, उन्हाने डोळे बारीक केलेले आणि कशावर तरी खळखळून हसतेय. फोटो जरा हललेला होता आणि कोपऱ्यात काढणारीचा अंगठा आला होता. "म्हणूनच नव्हता दाखवत," ती म्हणाली.

फोटोतली ती बाई मागच्या पावसाळ्यात वारली. नियमाप्रमाणे विचारायला आम्ही तिच्या घरी गेलो. तिची लेक माहेरी आली होती. तिच्या हातात फोटो दिला. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "माझ्याकडे मायचा आधार कार्डावरचाच फोटो हाये. हासताना एकबी नाही."

आमच्या मैत्रिणीला फोटो चांगला आला नाही असं वाटत होतं. अंगठा आलेला तो हललेला फोटो आता त्या घरात फ्रेम करून लावलाय.

तेव्हापासून गटात 'माझा फोटो चांगला आहे का' हा प्रश्न मागे पडला. त्याऐवजी आम्ही विचारतो, या फोटोची वाट कोणी बघत असेल का? तो छापायला थोडेच रुपये लागतात. फोटो छापला की मागे पेनाने तीन गोष्टी लिहायच्या: कोण आहे, कुठे आहे, कोणत्या साली. बिनानावाचा फोटो नातवंडांना मुका वाटतो. आणि चौथी ओळ विसरू नका, फोटो कोणी काढला. होमाईबाईंचे फोटो दुसऱ्याच्या नावाने छापले गेले, आपले तरी आपल्या नावाने राहू द्या.

दोरीवर आता सतरा फोटो लागलेत. केळीच्या घडाचे आहेत, जात्याचे आहेत, सातपुड्यावर चढलेल्या ढगांचे आहेत. एकीने तर फक्त आपल्या चुलीचा फोटो लावला, कारण दिवाळीनंतर ती चूल मोडून तिथे ओटा होणार आहे. लोकं हसले का? हसले. पण फोटो बघून नाही, फोटोत स्वतःला ओळखून हसले.

तर मैत्रिणींनो, आज रात्री मोबाईल उघडा. एक फोटो निवडा आणि उद्या एकीलाच दाखवा. आणि तुमच्याजवळ बसलेली कोणी मोबाईल पालथा घालत असेल, तर तिला एवढंच म्हणा, "दाखव बाई, मले पाहू दे."

राम राम.